न्हाऊ घालणारी हडळ

विमलाबाई आहेर यांचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं त्यांनी सातवीला विज्ञान शिकवलं होतं आणि दर विज्ञानदिनाला लिंबातून रक्त कसं काढतात ते पोरांना टेबलावर करून दाखवलं होतं. निवृत्त झाल्यावर इंदिरानगरला फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांत केली ती केवळ गावाकडच्या, देवळ्याच्या भाऊबंदांना जेवू घालायचं म्हणून. दाराला लिंबू-मिरची टांगलेली होती, पण ती आधीच्या मालकाची. काढायची राहून गेली होती. नऊ वर्षं.

यजमान जयराम यांचा विश्वास होता, पण सिनेमापुरता. वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते रोज दुपारी जेवण झालं की सोफ्यावर पाय वर घेऊन एक भुताचा सिनेमा पाहत. दुपारीच, कारण रात्री पाहिला तर झोप लागत नाही. सिनेमाचं नाव त्यांना कधी आठवत नसे. त्यातली माणसं कोणत्या क्रमानं मेली, हे मात्र बिनचूक आठवे. हवेलीतल्या गाणाऱ्या भुतांविषयी त्यांना माया होती, दक्षिणेकडच्या सूड घेणाऱ्या भुतांविषयी आदर होता. हिंदीत डब होऊन येणारी, मानेला चावणारी विलायती भुतं मात्र त्यांना फुसकी वाटत.

"लसणाला घाबरतात म्हणे," ते म्हणत. "आणून सोडा देवळ्याच्या बाजारात. आठवडाभर टिकायची नाहीत."

विमलाबाई हे सगळं चालवून घेत होत्या. पण डिसेंबरच्या शेवटी पल्लवीला मुलगा झाला आणि घरात खरोखरीची काळजी शिरली.

पल्लवी पहिलटकरीण, म्हणून बाळंतपण माहेरी. तिच्या सासूबाई, मालेगावच्या सावित्रीबाई, यांना ते मनातून पसंत नव्हतं. डोहाळजेवणात त्यांनी चारचौघींत विचारलं होतं, "तुमच्या फ्लॅटात ऊन तरी येतं का हो?" निघताना त्यांनी हसत हसत सांगून ठेवलं, "बारशाला येतेच मी विहीणबाई. बाळ निवांत दिसलं तर सव्वा महिना राहू द्या खुशाल. किरकिरं दिसलं तर दोघांना गाडीत घालून नेईन." विहीण रागावून बोलली तर सोडून देता येतं. हसत बोललेलं शब्दन् शब्द लक्षात ठेवावं लागतं. विमलाबाईंची एकुलती लेक दोन वर्षांनी घरी आली होती, आणि तिला बाराव्या दिवशी नेऊ द्यायचं नाही असा त्यांनी निश्चय केला होता.

बाळ निवांत राहायचं तर न्हाऊ घालणारी बाई चांगली हवी. ती विमलाबाईंनी पल्लवीला पाचवा लागला तेव्हाच ठरवून टाकली होती. शाळेतल्या जुन्या सहकारी लंकाबाई सिडकोत राहतात, त्यांनी नाव सुचवलं: रंगूबाई. लंकाबाईंच्या थोरल्या सुनेचं बाळ तिच्याच हातून न्हाऊन मोठं झालं होतं, आणि धाकट्या सुनेचं, वेदिकाचं, अजून तिच्याच पायांवर न्हात होतं.

रंगूबाई साठीची, पेठच्या डोंगरातली. तीस वर्षांपूर्वी मजुरीला नाशकात आली आणि पाथर्डी फाट्याजवळच्या एका खोलीत राहिली. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, केसांना कायम तेल. सकाळी नऊला यायची, बाथरूममध्ये पाटावर बसून पाय लांब करायची आणि बाळाला नडग्यांवर पालथं घालून त्याच्याशी गप्पा मारायची. मोठ्या माणसांशी ती फारशी बोलत नसे. अंघोळ झाली की वेखंड-ओव्याची धुरी, मग बाळ गोधडीवर, आणि मग चार तास घरात चिडीचूप. रोज दुपारी मालेगावहून फोन यायचा. "काय करतंय?" "झोपलंय," विमलाबाई सांगत, आणि एवढंच, एक अक्षरही जास्त न बोलता, सांगण्यात त्यांना केवढा आनंद होई!

सहाव्या दिवशी दुपारी जयरामांनी नवीन आलेला, सगळीकडे गाजत असलेला सिनेमा लावला. गोष्ट अशी, की एक हडळ दर अमावास्येला एकेका घरातून तान्हं बाळ उचलते आणि डोंगरातल्या कुंडाकडे घेऊन जाते. तासाभरानं जयरामांनी रिमोट दाबला आणि हडळ पडद्यावर थिजली.

"विमल! इकडं ये. हाई तर आपली मावशी शे!"

जयराम घाबरले की अहिराणीत बोलतात.

विमलाबाईंनी चष्मा लावला. पांढरं लुगडं, मोकळे सुटलेले कोरडे केस, चेहऱ्यावर पीठ थापल्यासारखा रंग. पण नाक रंगूबाईचं होतं. आणि हनुवटीवर तीन ठिपके.

"काम केलं असेल तिनं," विमलाबाई म्हणाल्या. "पोटासाठी माणूस काहीही करतं."

"मग सांगितलं का नाही?" जयराम म्हणाले. "बी विंगमधला तो शेखर एका जाहिरातीत गर्दीत उभा होता, पाठमोरा, तर त्यानं अख्ख्या सोसायटीला पेढे वाटले. आणि ही बाई सबंध सिनेमाभर आहे आणि अक्षर बोलत नाही? का?"

या प्रश्नाला विज्ञानात उत्तर नव्हतं. सिनेमात काम करून ते लपवणारा माणूस नाशकात आजवर कुणी पाहिला नव्हता.

संध्याकाळी लंकाबाईंचा फोन आला. "पाहिला का सिनेमा? आम्ही तर तिला कालच बंद केलं."

"काय सांगून?"

"बाळाला सर्दी झाली म्हटलं. आता तुम्ही विज्ञानाच्या बाई, तुम्हाला काय सांगायचं! आमचाही विश्वास नाहीच. पण बाळ लहान आहे ना."

दुसऱ्या दिवशी न्हाऊ घालता घालता रंगूबाई आपण होऊन बोलली. "यंदा नाशकात सर्दी लय हाय बाई. माझ्या चार घरी एकदमच झाली."

बाहेर पेपर वाचणाऱ्या जयरामांनी पेपर खाली केला. नंतर स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "ऐकलंस? ही जिथं जाते तिथं सर्दी होते."

"अहो, ती सर्दी लंकाबाईंनी काढलेली आहे. मनाची."

"एकीनं काढली असेल. बाकी तीन घरांचं काय?"

विमलाबाईंनी मग शास्त्रीय पद्धतीनं जायचं ठरवलं. आधी निरीक्षण. सिनेमातल्या हडळीचे पाय उलटे होते. रंगूबाईचे पाय रोज सकाळी पाटापुढे पसरलेले असत, त्यामुळे निरीक्षणाला काही अडचण नव्हती. विमलाबाईंनी बंब तापवायच्या निमित्तानं, टॉवेल द्यायच्या निमित्तानं आणि काहीच निमित्त नसताना मिळून चार वेळा पाय पाहिले. टाचा मागं, बोटं पुढं. टाचांना भेगा.

"सरळ आहेत," त्यांनी येऊन सांगितलं.

"सुरुवातीला सरळच असतात," जयराम म्हणाले. "मध्यंतरानंतर फिरतात."

आरशाचा प्रयोग आणखी अवघड गेला. आरशात भूत दिसत नाही, हे सगळ्या देशांतल्या सिनेमांना मान्य आहे. पण तान्ह्या बाळाला आरसा दाखवू नये, म्हणून खुद्द विमलाबाईंनीच घरातले सगळे आरसे झाकून ठेवले होते. कपाटाच्या आरशावर चादर होती, बेसिनवर टॉवेल होता, आणि जयराम आठ दिवस अंदाजानंच दाढी करत होते. मग विमलाबाईंनी मोबाईल पुढं केला. "या ना मावशी, बाळाबरोबर तुमचा एक फोटो काढू."

रंगूबाईनं झटकन पदर तोंडावर ओढला. "नको बाई. फोटो नको."

"का हो?"

"नको म्हटलं ना."

विमलाबाईंनी मोबाईल खाली घेतला. त्या दिवशी त्यांनी तिला ताटात लसणाची चटणी वाढून पाहिली. रंगूबाईनं ती बोटानं बाजूला सारली. "लसूण नाय चालत मला. पित्त होतं." विलायती भुतांबद्दलचं आपलं मत जयरामांना त्याच जेवणात बदलावं लागलं.

बरं, काढून टाकावी, तर कसं सांगणार? ती तसली नसली, तर ऐन जानेवारीत दुसरी बाई मिळणार नाही, चांगल्या बायका तर रंगपंचमीपर्यंत आधीच ठरलेल्या असतात. आणि ती तसली असली, तर तिला 'उद्यापासून येऊ नका' कोण सांगणार? "तू सांग," जयराम म्हणाले. "बायकांमधलं आहे." विमलाबाई म्हणाल्या, "सिनेमा तुम्ही लावला होता."

शेवटी विमलाबाईंनी एक गोष्ट केली, जी त्यांनी शाळेतल्या एकाही पोराला कळू दिली नसती. पाचवीच्या पूजेला शेजारणीनं बाळाच्या उशाशी लोखंड ठेवा म्हणून सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी तिला ऑक्सिजन आणि गंज यांवर दहा मिनिटं ऐकवलं होतं. पण सिनेमा पाहिला त्याच संध्याकाळी त्यांनी सासूबाईंचा जुना लोखंडी अडकित्ता माळ्यावरून काढला आणि बाळाच्या गोधडीखाली सरकवला. आधी कडेला ठेवला होता. जयराम म्हणाले, "इतका लांब? रेंज मिळायची नाही." मग बरोबर मधोमध ठेवला.

त्या संध्याकाळपासून बाळ रडायला लागलं.

भूक नव्हती, पोट दुखत नव्हतं, डॉक्टरीणबाईंनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं. गोधडीवर ठेवलं की रडे, उचललं की हुंदके देत थांबे. सकाळी नऊला रंगूबाईनं हातात घेतलं की मात्र गप्प. तिच्या नडग्यांवर तर ते चक्क डुलक्या घेई.

"बघ," जयराम म्हणाले. "तिच्याकडं शांत, आपल्याकडं आकांत. ओढ लावली तिनं पोराला. आता दोन-चार दिवसांत..."

"काय दोन-चार दिवसांत?"

"कुंड," जयराम म्हणाले.

"तुम्ही दोघं सारखं काय कुजबुजता?" पल्लवीनं आतून विचारलं. तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. मालेगावच्या फोनला विमलाबाई अजूनही "झोपलंय" सांगत होत्या, पण मागून बाळाचा टाहो ऐकू जात होता, आणि पलीकडून सावित्रीबाई "हो का?" एवढंच म्हणत होत्या. तेही हसत.

बारसं बाराव्या दिवशी होतं. सावित्रीबाई अकराव्या दिवशी सकाळी सव्वानऊला दारात हजर झाल्या. पहिली बस पकडून आल्या होत्या. हातात पिशव्या होत्या, आणि एक पिशवी रिकामी होती. ती पाहूनच विमलाबाईंना कळलं की नेण्याची तयारी करून आल्यात.

"म्हटलं, मदतीला जावं," असं म्हणत त्या थेट बाथरूमच्या दारापर्यंत गेल्या आणि स्टूल ओढून बसल्या. रंगूबाई बाळाच्या पाठीला तेल चोळत होती. सावित्रीबाई तिच्याकडे टक लावून पाहू लागल्या.

"हिला कुठंतरी पाहिलंय मी."

"सिडकोत पाहिलं असेल," विमलाबाई घाईनं म्हणाल्या.

"मी सिडकोत कधी गेले?"

तेवढ्यात रंगूबाईचा हात थांबला. तिनं मान वर केली ती सावित्रीबाईंकडे नाही, विमलाबाईंकडे.

"बाई, एक इचारू? पाच दिस झाले, मी गप ऱ्हायले. आज बाळाची दुसरी आजी हाय इथं, तर इचारते. या लेकराच्या पाठीला काय करता तुम्ही?"

"मी? मी काय करणार?"

"हे बघा." रंगूबाईनं बाळाला उजेडाकडे वळवलं. मणक्याच्या बाजूला एक लांबट लाल वळ होता. "रोज सकाळी मी तेलानं जिरवते, रोज नवा दिसतो. आमच्या डोंगरात अडाणी लोकं लेकराला तापल्या इळ्याचा डाग देतात. भूत जातं म्हणून. एक लेकरू मेलेलं पाह्यलंय मी. तुम्ही शाळेच्या बाई, तुम्ही असलं करता?"

एकतीस वर्षांच्या नोकरीत विमलाबाईंवर असा आरोप कुणी केला नव्हता. सावित्रीबाई स्टुलावरून उठल्या आणि दोन पावलं मागं सरकून विहिणीकडे पाहू लागल्या. गेले पाच दिवस विमलाबाई रंगूबाईकडे जसं पाहत होत्या, अगदी तसंच.

"डाग नाही हो," दारामागून जयरामांचा आवाज आला. "अडकित्ता आहे."

पल्लवीनं जाऊन गोधडी उलटली. जुना लोखंडी अडकित्ता खणखणत फरशीवर पडला.

"आई, हे कशाला?"

"लोखंड असावं म्हणून."

"कशापासून?"

नेमकं तेव्हाच सावित्रीबाईंना आठवलं. त्यांनी रंगूबाईच्या हनुवटीकडे बोट केलं.

"अगं बाई, तू ती! सिनेमातली!"

रंगूबाईनं एकदा विमलाबाईंकडे पाहिलं, एकदा अडकित्त्याकडे. मग तिनं शांतपणे बाळाच्या अंगावरून शेवटचा तांब्या ओतला, त्याला पंच्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि मगच बोलली.

"म्हंजे माझ्यापायी लेकराच्या पाठीत लोखंड घातलं."

"तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत ना," विमलाबाई कशाबशा म्हणाल्या. "सिनेमात होतात ते. लपवलंत का?"

"सांगून बघितलं की पहिल्या घरी. त्यांच्या बाळाला लगेच सर्दी झाली." ती पाटावरून उठली. "त्र्यंबकच्या अलीकडं शूटिंग होतं. तीन दिस. म्हातारी बाई पायजे म्हणून नाक्यावरनं नेलं मला. पांढरं लुगडं दिलं, केसांचं तेल साबणानं काढलं. येक रबराची बाहुली दिली आन् म्हणले, ही पाण्यात बुडवा. मला काय जमेना. माझा हात आपसूक मानंखाली जायचा. तो सायेब वरडायचा, 'मावशी, मारायचंय, न्हाऊ नाही घालायचंय!' दिसभर वरडला. शेवटी म्हणला, ऱ्हाऊ द्या तसंच."

"खरंय!" जयराम एकदम पुढं आले. "मी पाहिलंय ते. कुंडावरच्या सीनमध्ये बाळाच्या मानेखाली हात आहे हिचा. मला वाटलं, दिग्दर्शकाची चूक."

"आणि फोटो?" विमलाबाईंनी विचारलं. पुरावा अपुरा राहू नये, ही सवय जात नाही.

"बाजारात पोरं काढतात. आन् खाली लिहितात, हडळ भाजी घेती." रंगूबाईनं बाळ सावित्रीबाईंच्या हातात दिलं. सावित्रीबाईंनी ते घेतलं, पण आधी नकळत हात पदराला पुसले. बाळ डोळे मिटून गाढ झोपलं होतं.

सावित्रीबाईंनी त्याला निरखलं, मग घर निरखलं, अडकित्ता निरखला, विहीण निरखली. "मग मी तर आजच नेते दोघांना," त्या म्हणाल्या. या खेपेला त्या हसल्या नाहीत. "इथं तर आजीपासूनच जपावं लागतंय."

विमलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पल्लवी आईकडे पाहत होती, सासूकडे पाहत होती, आणि दोघींपैकी कुणाचीच बाजू घेण्याइतकी तिची झोप झालेली नव्हती.

सावित्रीबाईंनाच मग काहीतरी वाटलं. त्या रंगूबाईकडे वळल्या. "तू सांग. हातात तुझ्या होतं पोर. ठेवण्यासारखं घर आहे का हे?"

अशा तऱ्हेनं विमलाबाई आहेर यांच्या फ्लॅटचा निकाल हडळीच्या हाती गेला.

रंगूबाईनं घाई केली नाही. तिनं पाट धुतला, भिंतीला उभा केला, पदरानं हात पुसले.

"थंडीचं लेकरू आन् वली बाळंतीण बसमध्ये घालू नका," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या इथंच सव्वा महिना. मी रोज येईन. आधी गोधडी झाडीन, मग पाठ बघीन. कायबी दिसलं तर मालेगावला फोन करीन. लंबर देऊन ठेवा."

"दिला," सावित्रीबाई म्हणाल्या.

"आन् या बाईंनी माझं येक काम करायचं."

"करेन," विमलाबाई म्हणाल्या. "सांगा. काहीही."

"माझी चार घरं गेली. त्या चार घरी तुम्ही फोन करायचा. तुम्ही शाळेच्या बाई, तुमचं ऐकतील. आत्ता, माझ्यासमोर."

विमलाबाईंनी नाक शिंकरलं, चष्मा पुसला आणि पहिला फोन लंकाबाईंनाच लावला. रंगूबाई समोरच्या खुर्चीवर चहाचा कप घेऊन बसली. जयरामांनी सवयीनं रिमोट उचलला होता, तो त्यांनी गपचूप खाली ठेवला. विमलाबाईंनी विज्ञानदिनाच्या आवाजात सुरुवात केली. अफवा म्हणजे काय, अनुमान म्हणजे काय, आपल्यासारख्या शिकलेल्या बायकांनी असं वागावं का, एका कष्टकरी बाईचं त्यात किती नुकसान होतं. स्वतःबद्दलही त्या बोलल्या. अडकित्त्याचं मात्र त्यांनी नुसतं 'गैरसमज' एवढ्यावर भागवलं. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. आपण इतकं चांगलं बोललो याचं त्यांना स्वतःलाच बरं वाटलं.

पलीकडून लंकाबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "विमलाबाई, खरं सांगा. ती आत्ता तुमच्यासमोर बसलीय का?"

विमलाबाईंनी समोर पाहिलं. रंगूबाई बशीत चहा ओतत होती.

"हो," त्या म्हणाल्या. खोटं बोलायचं नाही, असं त्यांनी अर्ध्या तासापूर्वीच मनाशी ठरवलं होतं.

"आणि तुम्हाला बोलायला तिनंच लावलंय?"

"हो, पण..."

फोन बंद झाला.

विमलाबाई हातातल्या फोनकडे पाहत राहिल्या. सावित्रीबाईंनी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. रंगूबाईनं बशीतला चहा सावकाश संपवला, बशी कपाखाली ठेवली आणि खुर्ची थोडी पुढं ओढली.

"लावा परत," ती म्हणाली.